ब्रिटनमध्ये असायलमचा निकाल लागेपर्यंत राहायची सोय कशी मागायची, आणि अर्ज नेमका कुठे अडकतो

यूकेत राहून व्हॉलंटिअरिंग करणाऱ्या आपल्या मराठी मंडळींसाठी हे लिहितेय. चर्चच्या हॉलमधलं ड्रॉप-इन मदत केंद्र असो, गुरुद्वारा असो की फूडबँक, आपल्याला हिंदी येतं हे कळलं की लगेच कुणातरी पाकिस्तानी, अफगाणी नाहीतर बांगलादेशी माणसाशेजारी बसवतात आणि म्हणतात, यांचा फॉर्म तेवढा भरून द्या. फॉर्म भरण्यात आपण तसे तरबेज, रेशनकार्डापासून व्हिसापर्यंत आयुष्यभर तेच केलंय. पण हा फॉर्म वेगळाय. यात जास्तीत जास्त अर्ज पडतात ते माणूस गरजू नाही म्हणून नाही, तर कागदावर मोघम काहीतरी लिहिलेलं असतं म्हणून. समोरच्या अधिकाऱ्याला माणूस दिसत नाही, फक्त तारखा, रकमा आणि सह्या दिसतात, आणि जिथे तारीख नाही तिथे तो आपल्याला नको तो अर्थ काढतो.

क्लेम, म्हणजे असायलमचा (आश्रयाचा) मूळ अर्ज, जिंकायचा कसा हे इथे सापडणार नाही. क्लेमवर निर्णय होईपर्यंत डोक्यावर छप्पर आणि हातात थोडे पैसे कसे मागायचे, एवढंच.

सुरू करण्याआधी

फॉर्म भरायला मदत करणं, फोन लावून देणं, कागद लावून देणं हे आपण करू शकतो. पण "इंटरव्ह्यूत असं सांग", "हे कारण पुढे कर", "अपील टाक" असला क्लेमबद्दलचा सल्ला द्यायचा नाही. परवानगीशिवाय इमिग्रेशनचा सल्ला देणं या देशात गुन्हा आहे, फुकट दिला तरी. त्यासाठी लीगल एड घेणारा, म्हणजे सरकारी खर्चाने केस लढणारा सॉलिसिटर (वकील) शोधून द्या.

दुसरं, समोर बसलेला पोरगा एकटा आलाय आणि १८ च्या आतला आहे असं म्हणतोय तर हा लेख बंद करा आणि स्थानिक काउन्सिलच्या चिल्ड्रन्स सर्व्हिसेसला फोन करा. एकट्या मुलांची जबाबदारी काउन्सिलची असते, त्यांचा रस्ता पूर्ण वेगळा आहे, आणि त्यांना मोठ्यांच्या हॉटेलात पाठवलं जाणं हे धोक्याचं आहे.

तिसरं, क्लेम पेंडिंग असलेल्या माणसाला काउन्सिलचं घर किंवा युनिव्हर्सल क्रेडिट (सरकारी भत्ता) सहसा मिळत नाही. काउन्सिलच्या होमलेस खिडकीवर नेऊन दिवस घालवू नका, ते हात वर करतात आणि नियमाप्रमाणे बरोबरच करतात. (काउन्सिलकडे जायची वेळ पुढे येते, शेवटच्या टप्प्यात.)

१. कोणत्या कलमाखाली मागायचंय ते आधी ठरवा

सगळं १९९९ च्या इमिग्रेशन अँड असायलम ॲक्टमधून येतं. ड्रॉप-इनला लोक नुसतं "सेक्शन नाइंटी फाइव्ह" म्हणतात, तेव्हा तीन आकडे पाठ करून टाका.

सेक्शन ९५ म्हणजे नेहमीचा सपोर्ट. क्लेम किंवा अपील चालू आहे आणि माणूस निराधार आहे, किंवा येत्या १४ दिवसांत होणार आहे. यात घर आणि पैसे दोन्ही मिळू शकतात, किंवा राहायची सोय आधीच असेल तर फक्त पैसे.

सेक्शन ९८ म्हणजे तातडीचा. आज रात्री झोपायला जागा नाही, आणि ९५ वर निर्णय व्हायला वेळ लागणार आहे, तर तोपर्यंत.

सेक्शन ४ म्हणजे क्लेम नाकारला गेलाय आणि अपिलाचे रस्ते संपलेत अशांसाठी, तेही ठराविक अटींवर.

इथली कॉमन चूक अशी की माणूस बस स्टेशनवर झोपतोय आणि आपण निवांतपणे फक्त ९५ चा फॉर्म भरून पाठवतो. तो अर्ज आपल्या गतीने सरकत राहतो आणि माणूस बाकावरच. आज रात्रीची सोय नसेल तर ९८ वेगळं, तोंडाने, फोनवर मागायचं. ते आपोआप मिळेल या भरवशावर राहू नका.

२. क्लेम खरंच नोंदवलाय का ते बघा

"मी असायलम सीकर आहे" आणि "माझा क्लेम नोंदवलाय" यात फरक आहे. विमानतळावर किंवा बंदरावर क्लेम केला असेल तर तिथेच स्क्रीनिंग, म्हणजे पहिली नोंदणीची मुलाखत, होतं. जो आधीच देशात आहे, म्हणजे स्टुडंट व्हिसावर आला, विझिटर म्हणून आला, तो फोनवर अपॉइंटमेंट घेतो आणि बहुतेकांना क्रॉयडनला लुनर हाउसला जावं लागतं. नोंद झाली की एआरसी नावाचं ओळखपत्र मिळतं, फोटोचं, क्रेडिट कार्डाएवढं. ते नसेल तर निदान होम ऑफिसचं (इथल्या गृहखात्याचं) पत्र हवं.

दोन्ही नाही तर आधी अपॉइंटमेंट. स्क्रीनिंगच्या वेळी राहायला जागा नाही हे तिथेच सांगायचं, बॅग सोबत घेऊनच जायचं. कितीतरी लोक भिडेखातर "मित्राकडे आहे" म्हणतात, ते तिथे टाइप होतं आणि मग तेच पुढे अंगावर येतं.

अजून एक ऐकीव गोष्ट पसरलेली असते की उशिरा क्लेम केला तर काही मिळत नाही. २००२ च्या कायद्यात सेक्शन ५५ आहे आणि त्यात उशिराबद्दल लिहिलंय हे खरं. पण २००५ मध्ये लिम्बुएला केसमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं इथलं सर्वोच्च न्यायालय) स्पष्ट सांगितलं की सपोर्ट नाकारल्यामुळे माणूस रस्त्यावर, उपाशी, अमानुष हालात येणार असेल तर सरकारला तसं करता येत नाही. म्हणून उशीर झालाय एवढ्यावरून कुणाला परत पाठवू नका, उशीर का झाला ते दोन ओळीत लिहा आणि अर्ज करा.

▶ तपासा: एआरसी किंवा होम ऑफिसचा रेफरन्स नंबर आहे? त्यावरचं नाव आणि जन्मतारीख बाकी कागदांशी जुळते? अफगाणी माणसांच्या बाबतीत १ जानेवारी ही जन्मतारीख सर्रास दिसते कारण खरी तारीख माहीतच नसते, ते चालतं, पण सगळीकडे तीच असली पाहिजे.

३. कागद: इथेच निम्मी लढाई

यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. फॉर्म भरायला एक तास लागतो, कागद जमवायला कधी कधी आठवडा, आणि लोक नेमकं उलटं करतात, आधी फॉर्म ठोकून देतात आणि मग कागदांसाठी पत्रं येत बसतात.

बँक स्टेटमेंट. माणसाची जितकी अकाउंट असतील तितक्यांची, निदान गेल्या सहा महिन्यांची. इथलं हाय स्ट्रीट बँकेचं, मोंझो, रिव्होल्युट, मायदेशातलं, नवरा-बायको दोघांचं, मुलाच्या नावाचं असेल तर तेही. "त्यात काही नाहीये हो" हे उत्तर चालत नाही, काही नाहीये हेच तर दाखवायचंय. लपवलेलं अकाउंट नंतर सापडलं तर अर्ज तर जातोच, शिवाय माणसाच्या बोलण्यावर विश्वास उरत नाही.

मग पेन घेऊन बसा आणि प्रत्येक आलेल्या रकमेशेजारी कुठून आली ते लिहा. समजा स्टेटमेंटमध्ये तीन ओळी आहेत: ४ तारखेला १५० पाउंड "खान", ११ ला ६० पाउंड "खान", २० ला ४० पाउंड रोख जमा. आपल्याला माहितीये की खान म्हणजे चुलतभाऊ, त्याने दोनदा उधार दिले आणि आता देत नाही, आणि ४० पाउंड म्हणजे मोबाइल विकला. पण अधिकाऱ्याला काय दिसतं? नियमित पैसे देणारा कुणीतरी आहे आणि वर रोखीचं काम चालू आहे. म्हणून वेगळ्या कागदावर लिहायचं: हे उधार, कुणी दिलं, का दिलं, कधी थांबलं. जमलं तर चुलतभावाचं दोन ओळींचं पत्र, की मी अमुक महिन्यापर्यंत मदत केली, आता शक्य नाही. इतकं केलं की अर्धे प्रश्न येतच नाहीत.

सध्या ठेवून घेणाऱ्याचं पत्र. हे सगळ्यात जास्त घात करतं, आणि आपल्या लोकांकडून तर हमखास. कुणाकडे तरी सोफ्यावर राहतोय, त्या घरमालकाकडून किंवा मित्राकडून पत्र आणायला सांगितलं की तो आपल्या संस्काराला धरून लिहितो: "हा माझ्या भावासारखा आहे, घरात त्याला काही कमी पडू देत नाही, हवं तितके दिवस राहू दे, फक्त सरकारने मदत केली तर बरं होईल." माणूस म्हणून फार छान पत्र. अर्जासाठी विष. या पत्राचा अर्थ असा लावला जातो की जागा आहे, जेवण आहे, मुदत नाही, म्हणजे निराधार नाही. अर्ज फेटाळला.

पत्रात काय हवं?
- मी कोण, माझा पत्ता, या माणसाशी माझं नातं
- तो कधीपासून राहतोय (तारीख)
- कुठे झोपतो, घरात आणखी किती जण आहेत
- मी त्याला कोणत्या तारखेपर्यंत ठेवू शकतो आणि त्यापुढे का नाही (लीजमध्ये जास्तीचा माणूस चालत नाही, घरात बाळ होणार आहे, भाडं परवडत नाही, जे असेल ते)
- जेवणखाण, पैसे मी देतो की नाही, देत असलो तर कधीपर्यंत
- सही, तारीख, फोन नंबर

खोटं एक अक्षर लिहायचं नाही. जर मित्राला खरोखरच ठेवायचंय आणि ठेवू शकतो, तर तसं लिहा आणि घराऐवजी फक्त पैशांचा सपोर्ट मागा, तो पर्याय फॉर्ममध्ये आहे. तो निवडताना माणसाला नीट विचारा मात्र, कारण नंतर घर मागायचं झालं तर पुन्हा सगळा अर्ज.

आपल्यापैकी कुणी स्वतःच्या घरात ठेवून घेतलं असेल तर तुम्हीही भाड्याच्या घरात असाल तर लीज आधी वाचा, इन्शुरन्सवाल्याला विचारा, आणि मग वरच्यासारखंच तारखेसकट पत्र लिहा. "पाहुणा आहे, बघू" असं लिहिणं म्हणजे त्या माणसाच्या अर्जावर पाणी.

तब्येतीचे कागद. गरोदरपण, डायलिसिस, व्हीलचेअर, छळातून आलेल्याची थेरपी चालू असणं, एकाच खोलीत अनोळखी माणसाबरोबर राहणं शक्य नसणं, हे सगळं अर्जासोबत जायला हवं, जीपीच्या (नेहमीच्या डॉक्टरच्या) किंवा हॉस्पिटलच्या पत्राने. कारण घर कुठे द्यायचं हे ते ठरवतात, माणसाला निवड नसते. लंडनमध्ये उपचार चालू आहेत आणि दूर उत्तरेत मिडल्सब्रोला घर मिळालं, मग पत्र शोधायला धावायचं, हे रोजचं आहे. पत्रात "त्रास आहे" एवढं नको, कोणता उपचार, किती वेळा, कुठे, आणि जागा बदलली तर काय होईल हे डॉक्टरांना लिहायला सांगा. जीपीकडे नाव घालायला पत्त्याचा पुरावा लागत नाही, रिसेप्शनवर अडवलं तर हे शांतपणे सांगा.

⚠ मूळ कागद कुठेही देऊ नका, स्कॅन द्या. आणि प्रत्येक गोष्टीचा फोटो माणसाच्या स्वतःच्या फोनमध्ये ठेवा, आपल्या फोनमध्ये ठेवून आपण महिनाभर पुण्याला गेलो की पंचाईत होते.

४. फोन आणि फॉर्म

होम ऑफिसच्या वतीने अर्जासाठी मदत करायचं काम मायग्रंट हेल्प या संस्थेकडे आहे. हेल्पलाइन ०८०८ ८०१० ५०३, फुकट, चोवीस तास. फॉर्मचं नाव एएसएफ-१, आणि सेक्शन ४ साठीही हाच.

फोनचा क्रम:
(१) आधी भाषा सांगा आणि दुभाषा मागा, तो फुकट असतो. आपलं हिंदी आणि त्याचं उर्दू गप्पांना पुरतं, पण ज्याची भाषा दरी किंवा पश्तो आहे त्याचं मोडकं हिंदी समजून आपण "हो हो" करत फॉर्म भरणं धोक्याचं. तारखा आणि नाती तिथेच चुकतात.
(२) "आज रात्री जागा नाही" हे पहिल्या मिनिटात सांगा, गोष्टीच्या शेवटी नाही. सेक्शन ९८ हे शब्द वापरा.
(३) फोनवरच्या माणसाचं नाव, वेळ, आणि कॉलचा रेफरन्स लिहून घ्या. नेहमी.
(४) वेटिंगवर बराच वेळ जातो, चार्जर आणि पाणी जवळ ठेवा, आणि मधे फोन ठेवू नका.

फॉर्ममध्ये जिथे लोक चुकतात ते पटकन:

कुटुंब असेल तर सगळ्यांची नावं एकाच अर्जात, बाळासकट. नंतर बाळ झालं तर कळवायचं, ते आपोआप जोडलं जात नाही, आणि बाळाच्या वेळी एकदाच मिळणारी ३०० पाउंडाची मदत वेळेत मागावी लागते.

"आत्तापर्यंत कसं भागवलं?" या प्रश्नाला "मित्रांनी मदत केली" एवढंच उत्तर देऊ नका. कुठला मित्र, कधी ते कधी, आता का थांबलं. हाच तो मोघमपणा.

मालमत्ता या रकान्यात मायदेशातली जमीन, सोनं, गाडी सगळं लिहा, आणि ते विकता का येत नाही ते शेजारी. गावातलं घर तालिबानच्या ताब्यात आहे तर तसंच लिहा.

गरज वाढवून सांगू नका. लोकांना वाटतं थोडं रंगवलं तर लवकर होईल. इथे रंगवलेलं दुसऱ्या कागदाशी जुळत नाही आणि मग खऱ्यावरही संशय येतो.

▶ पाठवण्याआधी तपासा: पत्ता, फोन, ईमेल त्या माणसाचाच आहे ना? व्हॉलंटिअरने स्वतःचा ईमेल टाकायचा आणि मग होम ऑफिसचा प्रश्न स्पॅममध्ये पडून राहायचा, असं होतं. त्याच्याकडे ईमेल नसेल तर बसल्याबसल्या काढून द्या आणि पासवर्ड त्याला लिहून द्या.

५. उत्तर येईपर्यंत

अधिक माहिती मागणारं पत्र किंवा ईमेल येतं आणि त्याला थोड्याच दिवसांची मुदत असते. उत्तर नाही गेलं तर अर्ज बंद. एखादा कागद मिळतच नसेल तर गप्प बसू नका, "हा कागद मिळत नाही, कारण अमुक, त्याऐवजी हे जोडतोय" असं मुदतीत कळवा. अपूर्ण उत्तर वेळेत दिलेलं केव्हाही बरं.

६. नकार आला तर

इथे घड्याळ फार जोरात पळतं. सेक्शन ९५ किंवा ४ नाकारलं, किंवा चालू असलेलं बंद केलं, तर असायलम सपोर्टच्या ट्रिब्युनलकडे (न्यायाधिकरणाकडे) अपील करता येतं आणि त्यासाठी पत्र मिळाल्यापासून फक्त ३ दिवस असतात. शुक्रवारी पत्र आलं आणि माणूस पुढच्या गुरुवारच्या ड्रॉप-इनला घेऊन आला म्हणजे मुदत गेलेली. उशिराचं कारण देऊन मुदत वाढवून मागता येते, पण त्यावर विसंबू नका.

म्हणून पहिल्याच भेटीत सांगून ठेवा की होम ऑफिसचं कुठलंही पाकीट आलं की त्याच दिवशी फोटो पाठव. आणि अपील आपण लिहायला बसायचं नाही, असायलम सपोर्ट अपील्स प्रोजेक्ट नावाची संस्था आहे, तिचे वकील या सुनावण्यांना फुकट उभे राहतात, लगेच त्यांना गाठा. आपण काय करायचं, तर नकाराचं कारण वाचून नेमका तोच कागद आणायचा. बहुतेक वेळा कारण वरच्या तिसऱ्या टप्प्यातलंच असतं, मित्राचं पत्र किंवा न समजलेली रक्कम.

सेक्शन ९८ नाकारलं तर मात्र ट्रिब्युनलकडे जाता येत नाही, तिथे सॉलिसिटरकरवी ज्युडिशियल रिव्ह्यूचाच, म्हणजे सरकारी निर्णयाला कोर्टात आव्हान देण्याचाच मार्ग. त्यासाठी घर, भत्ते अशा सामाजिक मदतीच्या कायद्याचं काम करणारा सॉलिसिटर लागतो, क्लेमचा वकील बऱ्याचदा हे करत नाही.

७. गाडी येते त्या दिवशी

मंजूर झालं की आधी बहुधा हॉटेल किंवा होस्टेलसारखी जागा, आणि मग दुसऱ्या गावातलं शेअर्ड घर किंवा फ्लॅट. तिथे न्यायला गाडी येते. कागदावर पहिला मुक्काम छोटा असायला हवा, प्रत्यक्षात महिनोन्‌महिने जातात, तेव्हा "पुढच्या आठवड्यात घर मिळेल" असं आश्वासन तुम्ही देऊ नका.

घरं होम ऑफिस स्वतः चालवत नाही, कंत्राटं दिलेली आहेत. नॉर्थ वेस्ट, मिडलंड्स आणि ईस्ट ऑफ इंग्लंडमध्ये सर्को. स्कॉटलंड, नॉर्दर्न आयर्लंड, नॉर्थ ईस्ट आणि यॉर्कशायरमध्ये मिअर्स. लंडन, दक्षिण इंग्लंड आणि वेल्समध्ये क्लिअरस्प्रिंग्ज. लेस्टर-बर्मिंगहॅमवाल्यांना सर्कोची माणसं दिसतील, हॅरो-स्लाऊवाल्यांना क्लिअरस्प्रिंग्जची.

जागा निवडता येत नाही. गाडीत बसायला नकार दिला तर सपोर्ट बंद होऊ शकतो, आणि मग पुन्हा मिळवणं फार अवघड. जागा खरंच अयोग्य असेल, उपचार तुटत असतील, तर गाडी यायच्या आधी मायग्रंट हेल्पला फोन, सोबत डॉक्टरांचं पत्र. दारात गाडी उभी असताना ड्रायव्हरशी वाद घालून काहीच होत नाही, त्या बिचाऱ्याच्या हातात फक्त पत्ता असतो. पत्र नसेल आणि वेळ नसेल, तर जाऊ द्या आणि तिथून बदली मागा, हे मला आवडत नाही पण रस्त्यावर येण्यापेक्षा तेच शहाणपणाचं.

सोबत काय न्यायचं? सामान मोजकंच घेता येतं, तेव्हा कागद, औषधं (निदान दोन आठवड्यांची), चार्जर, मुलांच्या शाळेचे कागद, एक छोटं पातेलं. हसू नका, शेअर्ड घरातल्या किचनमध्ये पहिल्या दिवशी पातेलं कुणाचं यावरून भांडणं होतात.

▶ तपासा, त्याच दिवशी: नवीन पत्ता सॉलिसिटरला कळवला? होम ऑफिसच्या क्लेमच्या विभागाला कळवला? सपोर्टवाल्यांनीच घर दिलंय म्हणजे सगळ्यांना आपोआप कळलं असं समजू नका. इंटरव्ह्यूचं पत्र जुन्या हॉटेलात गेलं, इंटरव्ह्यू चुकला, क्लेम मागे घेतला असं धरलं गेलं, आणि मग सपोर्टही बंद, ही साखळी अगदी खरी आहे.

८. राहायला गेल्यावर

पैसे ॲस्पेन नावाच्या डेबिट कार्डावर येतात. स्वतः स्वयंपाक करायच्या घरात माणशी आठवड्याला ४९.१८ पाउंड (हा दर २०२४ पासूनचा), आणि जिथे जेवण मिळतं त्या हॉटेलात आठवड्याला जेमतेम दहाच्या आत. गरोदर बाईला ५.२५ आणि एक वर्षाखालच्या बाळामागे ९.५० पाउंड आठवड्याला वरून मिळतात, पण गरोदरपण कळवावं लागतं. दर बदलतात, सरकारी साइटवर बघून मगच आकडा सांगा. वीज, गॅस, पाणी, काउन्सिल टॅक्स यातून द्यायचा नसतो, कुणी बिल दाखवलं तर भरू नका आणि प्रोव्हायडरला, म्हणजे वरच्या कंत्राटी कंपनीला पाठवा.

कार्डाबद्दल एक गोष्ट जरा बजावून सांगा: ते कुठे वापरलं जातंय हे होम ऑफिसला दिसतं. कार्ड मित्राला वापरायला दिलं आणि तो मँचेस्टरला खरेदी करतोय, तर असं दिसतं की माणूस घर सोडून गेला. तसंच परवानगीशिवाय सलग ७ दिवसांपेक्षा जास्त, किंवा सहा महिन्यांत एकूण १४ दिवसांपेक्षा जास्त घराबाहेर राहिलं तर तो अटींचा भंग धरला जातो. नात्यातल्या लग्नाला दहा दिवस जायचंय? आधी विचारा, लेखी.

घरातली तक्रार, म्हणजे गळती, बुरशी, ढेकूण, बंद हीटर, तुटलेलं कुलूप, ही हाउसिंग ऑफिसरच्या कानावर घालून भागत नाही. मायग्रंट हेल्पवर नोंदवायची आणि तक्रारीचा नंबर घ्यायचा. ऑफिसर "बघतो" म्हणतो आणि खरंच बघेलही, पण नोंद नसलेली तक्रार झालेलीच नसते. फोटो काढा, तारीख दिसेल असा, आणि दुरुस्ती झाली नाही तर तोच तक्रार नंबर सांगून पुन्हा फोन, नवीन तक्रार नाही, नाहीतर घड्याळ पहिल्यापासून सुरू. गॅसचा वास आला तर मात्र आधी बाहेर पडा आणि गॅस इमर्जन्सीला फोन करा, फॉर्म नंतर.

खोली शेअर करावी लागते, अनोळखी माणसाबरोबर, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. दाराशी आंदोलन, शिवीगाळ, फोटो काढणं असले प्रकार होत असतील तर पोलिस आणि प्रोव्हायडर दोघांना कळवा, आणि हॉटेलचं नाव, पत्ता, आतले फोटो आपल्या वॉट्सॲप ग्रुपवर कृपया टाकू नका. मदतीसाठी कपडे गोळा करताना सुद्धा नाही. आपले ग्रुप कुठवर फॉरवर्ड होतात आपल्याला माहितीये.

बाकी पटकन: मुलांच्या शाळेसाठी काउन्सिलच्या ॲडमिशन विभागाकडे पहिल्याच आठवड्यात अर्ज. दात, चष्मा यांचा खर्च माफ व्हायला एचसी-२ सर्टिफिकेट, ते सपोर्टसोबत यायला हवं, नाही आलं तर मागा. काम करायची परवानगी नाही. क्लेम होऊन १२ महिने झाले आणि उशीर त्या माणसामुळे झालेला नसेल तर परवानगी मागता येते, तीही ठराविक कामांपुरती. "चार तास किचनमध्ये हात मारून जा, रोख देतो" म्हणणारा आपल्यातलाच रेस्टॉरंटवाला असू शकतो, त्याला आणि याला दोघांनाही महागात पडतं.

९. क्लेमचा निकाल लागला की लगेच

होकार आला की मिठाई वाटायला वेळ असतो, पण थोडाच. सपोर्ट आणि घर लवकरच बंद होतं. कायद्यातली मूळ मुदत २८ दिवसांची, पत्रात जास्त लिहिली असेल तर उत्तम, पण नियोजन २८ वरच करा. आणि युनिव्हर्सल क्रेडिटचा पहिला हप्ता अर्जानंतर साधारण पाच आठवड्यांनी येतो, म्हणजे ३५ दिवस. हिशोब तुमच्यासमोर आहे. म्हणून क्रम असा:

पहिल्या दिवशी ई-व्हिसाचं, म्हणजे इथे राहायच्या परवानगीच्या डिजिटल नोंदीचं, ऑनलाइन अकाउंट उघडून त्यात नाव, फोटो, तारीख बरोबर आहे का बघायचं, कारण आता कार्ड येत नाही आणि पुढे सगळीकडे हेच दाखवायचंय. त्याच दिवशी युनिव्हर्सल क्रेडिटचा अर्ज आणि सोबत ॲडव्हान्स मागायचा (तो नंतर हप्त्यातून कापला जातो, हे सांगा). मग बँक अकाउंट. मग काउन्सिलच्या होमलेस विभागात अर्ज, आणि हे घराबाहेर काढल्यावर नाही, पत्र हातात पडल्याबरोबर. २०१७ च्या होमलेसनेस रिडक्शन ॲक्टप्रमाणे इंग्लंडमध्ये ५६ दिवसांत बेघर होणार असेल तर काउन्सिलने आधीच मदतीला लागायला हवं. "घर सोडायची नोटीस आल्यावर या" असं खिडकीवर म्हणाले तर होम ऑफिसचं सपोर्ट बंद होण्याचं पत्र पुढे करा आणि अर्ज नोंदवूनच घ्या. एकट्या तरुण पुरुषांना काउन्सिल घर देईलच असं नाही, त्यांच्यासाठी त्याच आठवड्यात भाड्याची खोली, डिपॉझिट स्कीम, ओळखीपाळखी सगळं सुरू करा. आपल्यातल्या ज्यांच्या खोल्या भाड्याने द्यायच्या असतात त्यांनी इथे जरा मनावर घ्यावं.

नकार आला आणि अपिलंही संपली तर घर २१ दिवसांत बंद होतं. मुलं १८ च्या आतली असतील तर कुटुंबाचा सपोर्ट साधारणपणे चालू राहतो, तेव्हा घाबरून घर सोडून जाऊ देऊ नका, आधी विचारा. एकट्या माणसासाठी सेक्शन ४: परत जायची खरोखर तयारी चालू आहे, प्रवास करण्यासारखी तब्येत नाही, जायला सुरक्षित मार्गच नाही, ज्युडिशियल रिव्ह्यूला परवानगी मिळालीये, किंवा नवे पुरावे दाखल केलेत आणि त्यावर उत्तर यायचंय. यातलं कोणतं लागू होतं हे सॉलिसिटरने ठरवायचं, आपण नाही. आपलं काम एवढंच की २१ दिवस संपायच्या आत एएसएफ-१ पुन्हा भरून, ताज्या बँक स्टेटमेंटसह आणि तारखेच्या पत्रासह गेलेला असावा. मागच्या वेळचं पत्र चालत नाही, नवीन तारीख घालून नवीन आणा.